इंजिनाचा श्वास आणि पाण्याचा कायदा

शर्यतीची मोटारनाव पाण्यावरून जाऊ लागली म्हणजे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम तिच्या निमुळत्या बांध्याकडे जाते, मग तिच्यामागे उसळणाऱ्या पाण्याच्या शुभ्र पिसाऱ्याकडे आणि शेवटी इंजिनाच्या गर्जनेकडे. या वैभवाचा पुष्कळसा भार ज्या एका भागावर असतो, तो मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. इंजिनाच्या माथ्यावर, कार्ब्युरेटरच्या खाली, बोटे पसरलेल्या हाताच्या आकाराचा एक ओतीव धातूचा भाग बसवलेला असतो. बाहेरची हवा आणि तिच्यात मिसळलेले पेट्रोल प्रत्येक सिलिंडरपर्यंत पोहोचवणे, एवढेच त्याचे काम. यंत्रशाळेतील माणसे त्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. आपण त्याला इंजिनाची श्वासनलिका म्हणू. या नलिकेत हलणारा एकही भाग नाही, फिरणारे एकही चाक नाही. असे असूनही कोणत्या नावेला कोणती श्वासनलिका बसवावी, या प्रश्नाने यंत्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली. तो प्रश्न कसा निर्माण झाला, त्याची उत्तरे कशी बदलत गेली आणि त्यांतून काय हाती लागले, याचा मागोवा घेण्याचा येथे विचार आहे.

पेट्रोलचे इंजिन पेट्रोलवर चालते, असे आपण म्हणतो. वास्तविक ते हवेवर चालते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. एक भार पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १५ भार हवा लागते. आकारमानाच्या भाषेत सांगावयाचे तर एक लिटर पेट्रोलसाठी सुमारे ९,००० लिटर हवा हवी. पेट्रोल द्रवरूप आहे. ते हवे तेवढे ओतता येते. हवा मात्र प्रत्येक दट्ट्याने खाली सरकताना स्वतःच ओढून घ्यावयाची असते, आणि ती ओढण्यासाठी त्याला मिळणारा अवधी एका सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. सोनाराच्या भट्टीत कोळसा कितीही घातला तरी भाता जेवढा वारा देईल तेवढीच आंच निघते; इंजिनाचेही तसेच आहे. त्याची ताकद म्हणजे त्याच्या श्वासाची ताकद.

एवढ्यावरून कोणालाही वाटेल की, श्वासनलिका जितकी रुंद आणि जितकी मोकळी तितकी ती उत्तम. रस्त्यावरच्या गाडीच्या बाबतीतही हे पूर्ण सत्य नाही; नावेच्या बाबतीत तर ते पुष्कळदा घातक ठरते. याचे कारण पाण्याचा स्वतःचा एक कायदा आहे. मोटारगाडीला चढ लागला की चालक गिअर बदलतो आणि इंजिनाला त्याच्या सोयीच्या वेगात फिरू देतो. बहुतेक शर्यती नावांना ही सवलत नाही. इंजिन आणि पंखा यांचे नाते एकदा ठरले की ते शर्यत संपेपर्यंत कायम. शिवाय पंख्याला फिरवण्यासाठी लागणारी शक्ती त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट करावयाचे तर शक्ती आठपट हवी. म्हणजे उतार नाही, सपाटी नाही; नावेच्या इंजिनाला कधीच न संपणारा खंडाळ्याचा घाट चढावयाचा असतो.

या घाटातही एक अवघड वळण आहे. वेगवान नाव प्रारंभी इतर नावांप्रमाणे पाणी कापीत जाते. वेग वाढला की तिचे नाक वर होते, शेपूट खाली बसते आणि आपणच निर्माण केलेल्या लाटेचा चढ तिला चढावा लागतो. तो चढून गेल्यावर ती पाण्याच्या पृष्ठभागावर आरूढ होते आणि तेथून पुढे सपाट दगड पाण्यावर फेकावा तशी सरकू लागते. हा चढ चढताना इंजिन आपल्या कमाल फेऱ्यांच्या जेमतेम अर्ध्यावर किंवा थोडे वर असते. त्या क्षणी त्याच्या अंगी जोर नसेल, तर वरच्या फेऱ्यांत साठवलेली सारी अश्वशक्ती व्यर्थ. कारण नाव तेथवर पोहोचतच नाही. हवा किती, एवढाच प्रश्न पाण्यावर विचारून भागत नाही. हवा केव्हा, हाही विचारावा लागतो. शर्यती नावांच्या इतिहासात पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्या प्रश्नाकडे येण्यास बराच काळ जावा लागला.

प्रारंभीच्या काळात प्रश्न साधा होता आणि उत्तरही साधे होते. इंग्लंडमधील वृत्तपत्रांचे धनी आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी मोटारनावांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी १९०३ साली ढाल ठेवली. आयर्लंडमधील क्वीन्सटाउनच्या बंदरात झालेली पहिली शर्यत 'नेपियर' नावाच्या नावेने जिंकली, ती ताशी सुमारे १९½ मैलांच्या वेगाने. अधिक वेग हवा तर अधिक मोठे इंजिन बसवावे, हा त्या काळचा न्याय होता. पहिल्या महायुद्धाने त्या न्यायाला अकल्पित साधनसामग्री पुरवली. अमेरिकेने १९१७ साली युद्धविमानांसाठी लिबर्टी नावाचे १२ सिलिंडरांचे, २७ लिटरांचे आणि ४०० अश्वशक्तीचे इंजिन सिद्ध केले. युद्ध संपले आणि ही इंजिने स्वस्तात मिळू लागली. डेट्रॉइटचे उद्योगपती गार वुड यांनी अशी दोन इंजिने 'मिस अमेरिका' या नावेत बसवली आणि १९२० साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर जाऊन हार्म्सवर्थ ढाल जिंकली. पुढे १२ वर्षांनी त्यांच्याच 'मिस अमेरिका' मालिकेतील दहावी नाव पाण्यात उतरली, तेव्हा तीत प्रत्येकी १२ सिलिंडरांची चार पॅकार्ड इंजिने होती, म्हणजे एकूण ४८ सिलिंडर! सप्टेंबर १९३२ मध्ये या नावेने ताशी सुमारे १२५ मैलांचा विक्रम केला. पाण्यावरील विक्रमांत मिनिटाला दोन मैलांची मर्यादा प्रथमच ओलांडली गेली.

या पॅकार्ड इंजिनांना नुसता नैसर्गिक श्वास पुरत नव्हता. त्यांना सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून भरणारा पंप जोडलेला होता. याच सुमारास इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइस कंपनीच्या 'आर' या इंजिनाने तीच विद्या पराकोटीला नेली होती. ३६.७ लिटरांचे हे इंजिन मूळचे श्नायडर चषकाच्या विमानशर्यतीसाठी तयार केलेले. १९२९ साली त्यातून सुमारे १,९०० आणि १९३१ साली सुमारे २,३५० अश्वशक्ती मिळवण्यात आली. त्याच्या हवेचे तोंड सिलिंडरांच्या दोन रांगांमधील खोबणीत ठेवले होते. ही जागा निवडण्यामागे एक कारण असे होते की, समुद्रविमान पाण्यावरून उठताना व उतरताना तुषार आत शिरू नयेत. पाणी आणि श्वास यांचे हाडवैर यंत्रज्ञांनी ओळखले होते, याचा हा पुरावा.

अशी दोन 'आर' इंजिने 'मिस इंग्लंड २' या नावेत बसवून सर हेन्री सीग्रेव्ह यांनी १३ जून १९३० रोजी विंडरमिअर सरोवरावर ताशी ९८.७६ मैलांचा विक्रम केला. त्यानंतर त्याच दिवशी पुन्हा वेग घेत असताना नाव उलटली. सीग्रेव्ह आणि त्यांचे सहकारी यंत्रज्ञ हॅलिवेल यांना प्राण गमवावे लागले. या अपघाताचा दोष श्वासनलिकेला देता येणार नाही. परंतु इंजिनाची ताकद नावेच्या देहाच्या पुढे धावू लागली होती, हे त्यातून कळून आले.

दाबून भरलेल्या हवेचा एक गुणधर्म येथेच सांगितला पाहिजे. या इंजिनांतील सुपरचार्जर वेगाने फिरणाऱ्या चक्राने हवा बाहेर फेकतो, आणि त्याचा दाब चक्राच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. इंजिन निम्म्या फेऱ्यांवर आले की दाब निम्मा न राहता चतुर्थांशावर येतो. म्हणजे लाटेचा चढ चढताना, जेव्हा श्वासाची निकड सर्वांत अधिक, नेमक्या त्याच वेळी हा दाता हात आखडता घेतो. ज्यांच्याजवळ २७ किंवा ३६ लिटरांची इंजिने होती त्यांना याची फारशी क्षिती नव्हती; नुसत्या आकारमानाच्या बळावर ते चढ पार करीत. हा बडेजाव पुढे युद्धाच्या कामी आला. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या पीटी टॉर्पेडो नौकांत प्रत्येकी तीन पॅकार्ड इंजिने असत, आणि त्यांचा वंश गार वुडच्या शर्यती इंजिनांपर्यंत जाऊन भिडतो.

परंतु विमानाची इंजिने पदरी बाळगणारे लोक जगात थोडेच. खरी चातुर्याची कसोटी लागली ती मर्यादित आकारमानाच्या इंजिनांत. अमेरिकेतील गोल्ड कप शर्यतीच्या नियामकांनी १९२२ साली इंजिनावर ६२५ घनइंचांची मर्यादा घातली. लहान नावांसाठी याहून पुष्कळ लहान मर्यादेचे वर्ग निघाले. आकारमान वाढवण्याची वाट बंद झाली, तेव्हा स्पर्धकांचे लक्ष त्याच आकारमानातून अधिक काम कसे काढावे, याकडे वळले. आणि श्वासनलिकेच्या इतिहासाला खरा प्रारंभ झाला.

फोर्ड कंपनीने १९३२ साली सामान्य माणसाला परवडेल असे आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन बाजारात आणले. आकारमान २२१ घनइंच, शक्ती ६५ अश्व. पुढच्या वर्षी इतर सुधारणांनी ती ७५ झाली. १९३४ साली कंपनीने त्यावर दोन कंठांचा कार्ब्युरेटर आणि दोन थरांत विभागलेली नवी श्वासनलिका बसवली. शक्ती ८५ वर गेली; आकारमान मात्र तेच, २२१ घनइंच! स्पर्धकांनी यातून जो बोध घ्यावयाचा तो घेतला. १९३७ साली निघालेल्या १३६ घनइंचांच्या धाकट्या फोर्ड इंजिनावर तर छोट्या हायड्रोप्लेन नावांचा एक स्वतंत्र वर्गच उभा राहिला. कॅलिफोर्नियातील व्हिक एडेलब्रॉक या यंत्रज्ञाने १९३८ साली फोर्ड इंजिनासाठी दोन कार्ब्युरेटरांची 'स्लिंगशॉट' नावाची श्वासनलिका तयार केली. तिच्यातून पुढे एक मोठा उद्योगच उभा राहिला. श्वासनलिका ही इंजिनाबरोबर येणारी वस्तू न राहता दुकानातून निवडून आणण्याची वस्तू झाली. निवड आली की विवेक आला, आणि विवेकाबरोबर चूक होण्याची शक्यताही आली.

दोन थर कशासाठी, हे समजून घेण्यास आपल्याकडील पाटाच्या पाण्याचे उदाहरण फार उपयोगी पडेल. पाटाच्या तोंडाशी असलेले शेत नेहमी तृप्त, आणि शेपटाकडचे शेत नेहमी तहानलेले, ही तक्रार आपल्या खेड्यापाड्यांत जुनीच आहे. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत आपल्या पूर्वजांनी पाण्याच्या पाळ्या ठरवून दिल्या, त्या याच तक्रारीवर तोडगा म्हणून. आठ सिलिंडरांच्या इंजिनातही असेच घडते. सारे सिलिंडर एकाच हौदातून हवा ओढू लागले की शेजारी शेजाऱ्याचा घास पळवतो. ज्याची झडप उघडी आहे त्याच्याकडे जाणारा प्रवाह दुसऱ्याची झडप उघडताच तिकडे वळतो. दोन थरांच्या नलिकेत आठांचे चार-चारांचे दोन गट पाडलेले असतात आणि ते अशा हिशेबाने की, एका गटातील सिलिंडरांची पाळी समान अंतराने, दंडाच्या अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने, यावी. प्रत्येकाला आपल्या पाळीला निर्वेध घास मिळतो. फेरे कमी असताना प्रवाह मंद असतो व अशा वेळी ही शिस्त विशेष कामास येते. याच्या उलट एका थराच्या नलिकेत मधोमध एक हौद आणि त्यातून आठही सिलिंडरांकडे जवळच्या, सरळ वाटा असतात. फेरे खूप वाढले की प्रवाहाला थांबण्यास व वळण्यास सवडच राहत नाही, आणि मग या जवळच्या वाटांचा लाभ दिसू लागतो.

वाटपाचा हा प्रश्न नावेच्या बाबतीत केवळ वेगाचा राहत नाही. तो इंजिनाच्या जीवनमरणाचा होतो. नलिकेच्या वळणांवर हवा वळते, पण पेट्रोलचे जड थेंब सरळ जाऊन भिंतीवर आपटतात. त्यामुळे एखाद्या सिलिंडरला पेट्रोल अधिक मिळते, तर एखाद्याला कमी. ज्याला कमी मिळते तो अधिक तापतो. मोटारगाडीत ही उणीव झाकून जाते, कारण गाडी क्वचितच पूर्ण जोराने चालते. शर्यती नाव मात्र मिनिटामागून मिनिटे पूर्ण जोराने धावत असते. उपाशी राहिलेल्या एका सिलिंडरचा दट्ट्या वितळू लागतो, आणि त्या एकाच्या नाशाने उरलेले सातही निकामी होतात. आठांची सरासरी उत्तम असून भागत नाही. आठांतील सर्वांत दुर्बळ किती सुस्थितीत आहे, यावर साऱ्यांचे आयुष्य ठरते.

आतापर्यंत आपण हवेला पाण्याच्या प्रवाहासारखे मानले. परंतु हवा लवचीक आहे आणि नळीत ती स्वस्थ वाहत नाही. ती बासरीतल्या हवेसारखी कंप पावते. दट्ट्या खाली जाताना नळीत ओढ निर्माण होते. ती ओढ लाटेच्या रूपाने नळीच्या उघड्या तोंडापर्यंत जाते आणि तेथून दाबाची लाट होऊन परत येते. झडप मिटण्याच्या ऐन क्षणी ती परत पोहोचली, तर दारात उभ्या असलेल्या माणसाला मागच्या गर्दीने आत ढकलावे तशी थोडी अधिक हवा सिलिंडरात ढकलली जाते. वेळ चुकली, तर तीच लाट भरलेली हवा बाहेर ओढते. लांब नळीने श्वास वाढतो, याचे प्रयोग अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात झाले होते. ध्वनिशास्त्राच्या आधारे त्याचे गणित मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयातील फिलिप मोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ साली मांडले.

या तत्त्वाचे अत्यंत बोलके प्रात्यक्षिक क्रायस्लर कंपनीने १९६० साली घडवले; तेही पाण्यावर नव्हे, रस्त्यावर. त्या वर्षीच्या तिच्या ४१३ घनइंचांच्या इंजिनावर ३० इंच लांबीच्या नळ्या बसवल्या होत्या. त्या इंजिनाची शक्ती ३७५ अश्व, आणि फिरवण्याचा जोर, ज्याला यंत्रज्ञ टॉर्क म्हणतात, तो २,८०० फेऱ्यांना ४९५ फूट-पौंड. त्याच इंजिनाची दुसरी आवृत्ती होती. तीत नळ्या बाहेरून तशाच. पण आतील पडदा कापून परिणामकारक लांबी १५ इंचांवर आणलेली. तिची शक्ती वाढून ४०० अश्व झाली. पण टॉर्क ४६५ फूट-पौंडांवर उतरला आणि तोही ३,६०० फेऱ्यांना मिळू लागला. हिशेब सोपा आहे. ध्वनीची लाट सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाते. ३० इंचांच्या नळीतून जाऊन परत येण्यास तिला सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकी साडेचार भाग लागतात, आणि तेवढ्या वेळात २,८०० फेऱ्यांच्या गतीने इंजिनाचा दंड सुमारे ७५ अंश फिरतो. नळी निम्मी केली की तेच ७५ अंश साधण्यासाठी फेरे दुप्पट हवेत. प्रत्यक्षात याहून गुंतागुंत असते, तथापि दिशा हीच. नळी लांब तर जोर खालच्या फेऱ्यांत. नळी आखूड तर वरच्या. दोन्ही ठिकाणी एकदम जोर देणारी निश्चल नळी मनुष्याला अद्याप करता आलेली नाही.

आता समजा, या दोहोंपैकी एक नलिका एखाद्या नावेसाठी निवडावयाची आहे. विक्रेत्याच्या पत्रकात ४०० हा आकडा ३७५ पेक्षा मोठा दिसतो आणि उत्साही मनुष्य तोच उचलतो. पाण्याचा कायदा मात्र वेगळा हिशेब मांडतो. शक्ती एक पंधरांशाने वाढली. परंतु वेगासाठी शक्ती घनाच्या प्रमाणात लागत असल्यामुळे वेग वाढेल तो शेकडा दोनाच्या आसपास. ताशी ६० मैल जाणारी नाव फार तर ६१ मैलांच्या थोडी पुढे जाईल. त्या मोबदल्यात तिने चढाच्या जागचा जोर गमावलेला असतो. नाव जड असेल, तीत चार माणसे बसावयाची असतील, किंवा शर्यतीत वळणे अनेक असतील, तर प्रत्येक वळणानंतर पुन्हा वेग घेताना हे नुकसान भरावे लागते. उलट नाव अत्यंत हलकी असेल, एका सरळ मैलाच्या विक्रमासाठी बांधलेली असेल, आणि तिचा पंखा इंजिनाला वरच्या फेऱ्यांपर्यंत मोकळेपणाने जाऊ देणारा असेल, तर शेकडा दोनाची ती वाढच विक्रम घडवील. म्हणून अनुभवी यंत्रज्ञ श्वासनलिका निवडताना प्रथम इंजिनाविषयी विचारीत नाही. नावेचे वजन किती, तिचा तळ कसा, पंखा कोणता आणि पूर्ण जोर दिल्यावर इंजिन किती फेऱ्यांपर्यंत पोहोचते, हे तो विचारतो. पंख्याने इंजिनाला मिनिटाला ४,८०० फेऱ्यांवर रोखून धरले असेल, तर ६,५०० फेऱ्यांना बहरणारी नलिका विकत घेणे म्हणजे कधीही न येणाऱ्या पाहुण्यासाठी पंगत मांडून बसण्यासारखे आहे.

पाण्यावर आणखी काही अटी येतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारगाडीखाली ती वाऱ्याने पांगते, नावेत मात्र तळाशी साचून राहते. इंजिनाने उलटा फुत्कार टाकला आणि श्वासनलिकेतून ज्वाला बाहेर आली, तर सबंध नाव पेट घेऊ शकते. म्हणून अमेरिकेच्या १९४० च्या मोटारबोट कायद्याने नावेच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनाच्या कार्ब्युरेटरला ज्वाला अडवणारे साधन लावणे आवश्यक ठरवले. ही जाळी श्वासाला थोडा अडथळा करते, हे खरे; परंतु थोडी अश्वशक्ती वाचवण्यासाठी ती काढून टाकणारा मनुष्य आपल्याबरोबर इतरांचेही प्राण पणाला लावत असतो. समुद्रात खारे पाणी अॅल्युमिनियमला खाते. म्हणून जेथे थंडाव्यासाठी समुद्राचेच पाणी नलिकेतील पोकळीतून फिरते, तेथे हलक्या धातूचा मोह आवरून बिडाची नलिका पत्करावी लागते. नावेत इंजिन मागे कललेले असते. तेव्हा कार्ब्युरेटरची बैठक नाव धावत असताना समतल राहील, असा नलिकेचा उतारही पाहावा लागतो. विक्रेत्याच्या पत्रकातील अश्वशक्तीच्या आकड्यात यांपैकी एकाही गोष्टीचा समावेश नसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर विक्रमांचे क्षेत्र पुन्हा विमानाच्या इंजिनांकडे गेले. २६ जून १९५० रोजी सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरावर 'स्लो-मो-शन ४' या नावेने अॅलिसन इंजिनाच्या बळावर ताशी १६०.३२ मैलांचा वेग गाठला आणि सर माल्कम कॅम्बेल यांचा १९३९ चा १४१.७४ मैलांचा विक्रम मागे टाकला. विशेष म्हणजे हे यश केवळ इंजिनाच्या श्वासाचे नव्हते. नावेचा तळ असा घडवला होता की वेगात तिचा पंखा अर्धाच पाण्यात राहावा. पाण्याची मागणी कमी केली, म्हणून पुरवठा पुरला. श्वासनलिकेच्या प्रश्नाचे उत्तर कधीकधी श्वासनलिकेच्या बाहेरच असते, ते असे.

माल्कम कॅम्बेल यांचे पुत्र डोनाल्ड यांनी जेट इंजिनाची 'ब्लूबर्ड' बांधली. जेटला दट्ट्या नाही, झडप नाही. मग श्वासनलिकेचा प्रश्न सुटला, असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात तो अधिकच उग्र झाला. १९५५ च्या आरंभी अल्सवॉटर सरोवरावर चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा नावेने उडवलेले पाणी तिच्याच नाकपुड्यांत शिरू लागले. पुढचे आडवे बाहू उंच करून तुषारांची वाट बदलावी लागली. त्यानंतरच त्या वर्षीच्या जुलैमध्ये ताशी २०२ मैलांचा विक्रम साधला. १९६६ साली याच नावेत अधिक शक्तीचे ऑर्फियस इंजिन बसवण्यात आले. भारतीय हवाई दलाच्या नॅट विमानांचे इंजिन ते हेच, आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्येही ते तयार होत असे. कॉनिस्टन सरोवराकाठी ते प्रथम पूर्ण जोराने चालवून पाहताच त्याच्या प्रचंड ओढीने नावेचे हवामार्गच आत कोसळले आणि तुटलेले तुकडे गिळून इंजिन जखमी झाले. जुन्या इंजिनासाठी बांधलेली नाकपुडी नव्या फुप्फुसांना पुरली नाही. दुरुस्तीत आणि दुसरे इंजिन मिळवण्यात दिवस गेले, हिवाळा आला. ४ जानेवारी १९६७ रोजी ताशी ३०० मैलांच्या पलीकडे जाण्याच्या प्रयत्नात ब्लूबर्ड हवेत उचलली जाऊन उलटली आणि डोनाल्ड कॅम्बेल यांचा अंत झाला. त्या अपघाताची कारणे अनेक आणि गुंतागुंतीची आहेत. त्यांचा भार एकट्या हवामार्गावर टाकणे न्याय्य होणार नाही. परंतु एक भाग बदलला की त्याच्याशी नाते असलेले सारे भाग नव्याने तपासावे लागतात, ही गोष्ट त्या नोव्हेंबर महिन्यातील मोडतोडीने स्पष्ट केली होती.

आज पुष्कळ इंजिनांत पेट्रोल प्रत्येक झडपेशी स्वतंत्रपणे शिंपडले जाते आणि श्वासनलिकेतून नुसती हवा वाहते. पेट्रोलच्या असमान वाटपाची जुनी तक्रार त्यामुळे बरीच मिटली आहे. तरी लांब नळी की आखूड, खालचा जोर की वरचा, हा प्रश्न मात्र मिटलेला नाही आणि मिटण्यासारखाही नाही. कारण तो यंत्राच्या उणिवेतून निघालेला नसून हवेच्या आणि पाण्याच्या स्वभावातून निघालेला आहे.

या इतिहासाकडे प्रशासनात आयुष्य घालवणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक ओळखीची गोष्ट दिसते. एकूण पुरवठा किती, हा आकडा नेहमी डोळ्यांत भरतो. पत्रकात तोच छापला जातो आणि वादही त्याचाच होतो. परंतु तो पुरवठा गरजेच्या क्षणी पोहोचतो का, आणि शेवटच्या टोकाला असलेल्यापर्यंत पोहोचतो का, या दोन प्रश्नांवरच कार्याची सिद्धी अवलंबून असते. यंत्रज्ञांना हे शिकण्यास अर्धशतक लागले, आणि त्यासाठी कित्येक इंजिने वितळावी लागली. पाणी कोणाच्या पत्रकातील आकडा मानीत नाही. ते नावेला फक्त एवढेच विचारते की, चढ आला तेव्हा तुझ्या छातीत श्वास होता की नव्हता.